घरचं जेवण, पण कुणाच्या घरचं? एलजीबीटीक्यू व्यक्तींचा आहार आणि हृदयाचं आरोग्य

बीपी थोडं वाढलेलं, कोलेस्टेरॉल काठावर, वय चौतीस. अशा रुग्णाला आम्ही डॉक्टर एक ठरलेलं वाक्य सांगतो, "बाहेरचं खाणं बंद करा, घरचं जेवण जेवा." काही वर्षांपूर्वी मी हेच एका तरुणाला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "डॉक्टर, घरचं म्हणजे कुणाच्या घरचं?"

आपण समलिंगी आहोत हे त्याने घरी सांगितलं आणि त्याला घर सोडावं लागलं. तेव्हापासून तो चौघांत एक खोली घेऊन राहत होता. खोलीत गॅस लावायला मालकाची परवानगी नव्हती. नोकरी रात्रपाळीची. सकाळी सुटल्यावर टपरीवर चहा आणि खारी, मग झोप, संध्याकाळी वडापाव, रात्री दीड-दोनला कँटीनमध्ये जे उरलं असेल ते. (त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मी लिहून दिलेली गोळी बरोबर होती. सल्ला मात्र त्याच्या काहीही उपयोगाचा नव्हता.

हा लेख अशा रुग्णांसाठी आणि त्यांच्या माणसांसाठी आहे. समलिंगी स्त्री-पुरुष, उभयलैंगिक व्यक्ती, पारलिंगी किंवा तृतीयपंथी व्यक्ती या सगळ्यांना मिळून सोयीसाठी एलजीबीटीक्यू म्हणतात. या सगळ्यांचं आयुष्य एकसारखं नसतं. आईवडिलांसोबत सुखाने राहणारी समलिंगी मुलगी आणि लोकलमध्ये बाजार मागणारी तृतीयपंथी व्यक्ती यांच्या ताटात फार फरक असतो. तुम्हाला जे लागू पडतं ते घ्या.

हृदय तेच, मग धोका जास्त का?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. समलिंगी किंवा पारलिंगी असणं हा आजार नाही आणि तेवढ्यामुळे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबी साठत नाही. धोका येतो तो त्या व्यक्तीला ज्या परिस्थितीत जगावं लागतं तिच्यातून.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२० साली एलजीबीटीक्यू प्रौढांच्या हृदयाच्या आरोग्यावर एक शास्त्रीय निवेदन प्रसिद्ध केलं. तोपर्यंत झालेल्या अभ्यासांचा तो आढावा होता. त्यातल्या ठळक गोष्टी अशा : तंबाखूचं प्रमाण जास्त, समलिंगी आणि उभयलैंगिक स्त्रियांमध्ये लठ्ठपणा जास्त, सततचा मानसिक ताण, आणि दवाखान्यात वाईट वागणूक मिळेल या भीतीने तपासणी टाळण्याची सवय. २०२१ मध्ये अमेरिकेच्या जनगणना विभागाने केलेल्या सर्वेक्षणात मागच्या सात दिवसांत घरात पुरेसं अन्न नव्हतं असं सांगणाऱ्यांचं प्रमाण एलजीबीटी प्रौढांत सुमारे १३ टक्के होतं, तर इतरांत सुमारे ७ टक्के.

अमेरिकेतले आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लावू नयेत. पण त्यामागची साखळी ओपीडीत बसणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला ओळखीची वाटेल. घर सुटतं, मग भाड्याची खोली मिळत नाही, मिळाली तर स्वयंपाकाची सोय नसते. नोकरी टिकत नाही किंवा रात्रीची असते. पोट भरायला स्वस्त, तळलेलं आणि खारट पदार्थ हाताशी असतात, झोप अपुरी होते आणि ती कमी पडली की सिगारेट वाढते. आपण कोण आहोत हे कुणाला कळेल का, या धास्तीत शरीर दिवसभर सावध असतं. अशा अवस्थेत ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं वाढलेली राहतात. नाडी जलद चालते, बीपी चढतं, साखर वाढते, पोटावर चरबी साठते. एक-दोन दिवस असं झालं तर शरीर सावरतं. हे वर्षानुवर्षं चाललं की बिघाड पक्का होतो.

उपाशी राहण्याने वजन आणि साखर कमी होते असा अनेकांचा समज आहे. तुटपुंज्या पैशात जगणाऱ्या माणसाच्या बाबतीत बहुधा उलटं घडतं. महिन्याच्या सुरुवातीला दोन वेळा जेवण, शेवटच्या आठवड्यात बिस्किटं आणि चहा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर याने साखर कधी एकदम खाली जाते, कधी चढते. मी कुठल्याही रुग्णाला हल्ली आधी विचारतो, "काल दिवसभरात काय-काय खाल्लं?" आणि मग, "महिनाअखेरीला असंच असतं का?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकल्यावर औषधाच्या वेळा बदलाव्या लागल्याचं अनेकदा झालं आहे.

एक शेगडी, एक कुकर

खोलीवर एकटं किंवा जोडीदारासोबत राहणाऱ्यांनी संपूर्ण स्वयंपाकघर उभं करण्याच्या मागे लागू नये. इंडक्शन शेगडी आणि तीन लिटरचा कुकर एवढ्यावर बरंच भागतं. मुगाची डाळ आणि तांदूळ निम्मे-निम्मे घेऊन केलेली खिचडी, त्यात हाताला लागेल ती भाजी : दुधी, गाजर, पालक, फ्लॉवरचे तुकडे. वरून एक चमचा तेलाची फोडणी. हे पंचवीस मिनिटांत होतं. मटकी किंवा मूग भिजवून कापडात बांधून ठेवायला तर शेगडीही लागत नाही. मोड आलेली मटकी, कांदा, टोमॅटो, लिंबू हा रात्रपाळीवरून आल्यावर खायला वडापावपेक्षा शंभर पटीने चांगला पदार्थ आहे. उकडलेली अंडी, केळी, भाजलेले फुटाणे, मूठभर शेंगदाणे (खारे नकोत) हे सगळं टपरीच्या आसपासच मिळतं आणि त्याला भांडी लागत नाहीत.

मालक शेगडीलाही परवानगी देत नसेल तर पोळी-भाजी केंद्र शोधा. पुण्या-मुंबईत आणि आता तालुक्याच्या गावीही ज्वारीच्या किंवा बाजरीच्या भाकऱ्या नगावर विकत मिळतात. दोन भाकऱ्या, एक वाटी उसळ आणि सोबत काकडी-टोमॅटो एवढं घेतलं तर ते हॉटेलच्या पनीरच्या भाजीपेक्षा स्वस्त पडतं. मेसचा डबा लावलाच असेल तर मेसवाल्या काकूंना दोनच गोष्टी सांगायच्या : भाजीवर तरंगणारं तेल नको, आणि लोणचं-पापड डब्यात घालूच नका. बहुतेक काकू ऐकतात. पापडाचे पैसे वाचतात ना!

मिठाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बाहेर खाणाऱ्यांचं बीपी बहुतेक वेळा तिथेच अडकलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे चहाचा एक चमचा, तोही सपाट. यात भाजीतलं, चटणीतलं, पावातलं, फरसाणातलं, सगळं मीठ आलं. इन्स्टंट नूडल्स, सूप, चिप्स यांच्या पाकिटावर सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये छापलेला असतो. साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ असा हिशेब ठेवा. नूडल्सचं एक पाकीट संध्याकाळच्या भुकेला खाल्लं की दिवसाच्या कोट्यातला मोठा वाटा तिथेच संपतो. नूडल्स खायच्याच असतील तर मसाल्याची पुडी अर्धी टाका आणि त्यात अंडं किंवा वाटाणे घाला. कोकणातल्या माझ्या रुग्णांना हे आवडत नाही, पण सुका बांगडा आणि सुकट हे मिठात मुरलेले पदार्थ आहेत. बीपी असेल तर ते रोज खाऊ नयेत. ताजी मासळी मात्र खुशाल खा. बांगडा आणि तारली या स्वस्त माशांत हृदयाला उपयोगी ओमेगा-३ चरबी चांगली असते.

तेलाचं म्हणाल तर, तळणीचं तेल पुन्हा-पुन्हा तापवलेलं असतं ही बाहेरच्या भजी-वड्याची खरी अडचण आहे. जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात तेल आणि वनस्पती तुपात २ टक्क्यांपेक्षा जास्त ट्रान्स फॅट चालत नाही. हा नियम चांगलाच आहे, पण कढईत दिवसभर उकळणाऱ्या तेलाचं काय होतं, ते पाकिटावरच्या आकड्यावरून कळत नाही.

रेशन कार्डावरचं नाव

आहाराच्या लेखात रेशन कार्ड कशाला, असं वाटेल. पण अनेक रुग्णांचा आहार तिथेच अडतो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्यानुसार प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक व्यक्तीला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. कार्ड कुटुंबाचं असतं आणि त्यावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या मोठ्या स्त्रीचं नाव असतं. घर सोडलेल्या मुलाचं किंवा मुलीचं नाव गावच्या कार्डावर राहतं. ते कमी केल्याचा दाखला मिळाल्याशिवाय नवीन कार्ड होत नाही, आणि तो दाखला आणायला ज्या घरातून बाहेर पडलो त्याच घराशी बोलावं लागतं. बरेच जण हा विषयच सोडून देतात.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला : 'एक देश, एक रेशन कार्ड' या व्यवस्थेत आधारशी जोडलेल्या कार्डावरचं आपल्या वाट्याचं धान्य दुसऱ्या शहरातल्या, अगदी दुसऱ्या राज्यातल्या रेशन दुकानातूनही बोटाचा ठसा देऊन उचलता येतं. बाकीचं धान्य घरचे गावी उचलू शकतात. यासाठी नाव कमी करावं लागत नाही. दुसरा : २०२४ साली केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना कळवलं की एलजीबीटीक्यू जोडीदारांना रेशन कार्डासाठी एकाच कुटुंबाचे सदस्य मानावं. समलिंगी विवाहाबाबतच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये निकाल दिला, त्यानंतर नेमलेल्या समितीच्या कामातून हे पुढे आलं. पुरवठा कार्यालयातल्या खिडकीवरच्या माणसाला ही सूचना माहीत असेलच असं नाही, त्यामुळे तिची छापील प्रत सोबत न्यावी.

तृतीयपंथी व्यक्तींना २०१९ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र मिळतं. अर्ज ऑनलाइन करता येतो. नाव आणि लिंग बदललेली कागदपत्रं जुळवण्यासाठी, दवाखान्यातल्या नोंदीसाठी हे ओळखपत्र फार कामाला येतं. कागदपत्रांचं काम एकट्याने झेपत नसेल तर मुंबईतल्या हमसफर ट्रस्टसारख्या, १९९४ पासून काम करणाऱ्या समुदायाच्या संस्था मदत करतात.

एक सावधगिरी मात्र डॉक्टर म्हणून सांगतो. रेशनवर मिळतं ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. त्याने पोट भरतं. पण डाळ, भाजी आणि फळ वेगळं आणावं लागतं. धान्य फुकट मिळाल्याने जे पैसे वाचतील ते डाळीवर आणि पालेभाजीवर खर्च करा. दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि फळं असं प्रमाण सांगितलं जातं. ते एकदम गाठता येत नसेल तर रोज एक जुडी पालेभाजी दोघांत, एवढ्यापासून सुरुवात करा. सफरचंद आणि किवीच्या मागे लागू नका. पेरू, केळं, पपई, आवळा यांत काहीही कमी नाही.

डेऱ्यावर

डेऱ्यावर राहणाऱ्या तृतीयपंथी रुग्णांची दिनचर्या जवळपास सारखी असते. सकाळी चहा, मग दिवसभर बाजार, पायपीट, ऊन, तहान लागली की थंड पेय, भूक मारायला तंबाखू किंवा गुटखा. (महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरीही प्रत्येक रुग्णाच्या खिशात तो असतो.) खरं जेवण एकदाच, रात्री दहा-अकराला, भरपूर, आणि लगेच झोप. बीपी आणि साखर दोन्हींना हे वाईट. मी सांगतो, दिवसाचं जेवण कमी करू नका, फक्त ते दोन ठिकाणी वाटा. निघताना भाकरी-भाजी किंवा पोहे पोटभर खाऊन निघा, पिशवीत केळी आणि फुटाणे ठेवा, रात्रीचं ताट निम्मं करा.

इथे एक फायदा असतो जो एकट्या राहणाऱ्याला नसतो. आठ-दहा माणसांचा स्वयंपाक एका पातेल्यात होतो आणि तो कसा व्हावा हे गुरू ठरवतात. म्हणून चेल्याला औषध देताना मी हल्ली गुरूंनाही बोलावून घेतो. एका ज्येष्ठ गुरूंना स्वतःलाच मधुमेह होता. त्यांना मिठाचं आणि तेलाचं समजावल्यावर त्या म्हणाल्या, "डॉक्टर, हे मला आधी सांगायला पाहिजे होतं, सगळ्या पोरी माझ्याच हातचं खातात." पुढच्या वेळी त्या डेऱ्यातल्या तिघींचं बीपी थोडं खाली होतं. गोळ्यांचाही त्यात वाटा असणार, पण पातेल्यातलं मीठ कमी झालं होतं हेही खरं.

हॉर्मोन्स चालू असतील तर ताटाकडे पुन्हा बघा

हा भाग पारलिंगी रुग्णांनी नीट वाचावा, आणि त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनाही दाखवावा.

पारलिंगी स्त्रियांना इस्ट्रोजेनसोबत अनेकदा स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी दिली जाते. ती पुरुष संप्रेरकाचा परिणाम कमी करते, पण मुळात ती शरीरात पोटॅशियम धरून ठेवणारी गोळी आहे. बीपीसाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर तीही पोटॅशियम वाढवते. आता कुणीतरी सांगतं, बीपी आहे तर 'लो सोडियम' मीठ वापरा. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, वर रोज शहाळ्याचं पाणी, तर रक्तातलं पोटॅशियम इतकं वाढू शकतं की हृदयाचे ठोके बिघडतील. एरवी बीपीच्या अनेक रुग्णांना उपयोगी पडणारं हे मीठ स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. साधंच मीठ, पण कमी, हा सुरक्षित मार्ग. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन ही रक्ततपासणी गोळी सुरू केल्यावर आणि डोस बदलल्यावर करावी लागते.

इस्ट्रोजेनने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. त्वचेवर लावायच्या जेल किंवा पॅचने तो गोळ्यांच्या तुलनेत कमी असतो. सगळ्यात काळजीची गोष्ट म्हणजे डॉक्टरांकडे जायला नको म्हणून केमिस्टकडून गर्भनिरोधक गोळ्या आणून दिवसाला तीन-चार घेणं. त्यातलं इथिनाइल इस्ट्राडिओल गुठळ्यांच्या दृष्टीने जास्त धोकादायक असतं, आणि सोबत सिगारेट असेल तर धोका आणखी वाढतो. असं करत असाल तर ओरडा खाण्याच्या भीतीने लपवू नका. हॉर्मोन्स घेऊ नका असं मी म्हणत नाही. योग्य औषध, योग्य मात्रेत आणि तपासण्यांसह घेता येतं.

टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या पारलिंगी पुरुषांमध्ये रक्त घट्ट होऊ शकतं, म्हणजे हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट वाढतं, आणि चांगलं समजलं जाणारं एचडीएल कोलेस्टेरॉल कमी होतं. भूकही वाढते. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी सीबीसी करावी आणि लिपिड प्रोफाइल अधूनमधून बघावं. हिमोग्लोबिन वाढलेलं असताना 'रक्त वाढावं' म्हणून लोहाची गोळी घेऊ नका. छाती बांधण्यासाठी घट्ट पट्टा वापरत असाल तर जेवल्यावर होणारी छातीतली जळजळ आणि धाप यांचं कारण कधीकधी तो पट्टा असतो. पण ते कारण आहे असं स्वतःच ठरवू नका.

एचआयव्हीची औषधं आणि हृदय

एचआयव्ही कुणालाही होऊ शकतो. समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी स्त्रियांमध्ये त्याचं प्रमाण जास्त आहे, म्हणून इथे उल्लेख करतो. सरकारी एआरटी केंद्रातून मिळणारी औषधं नियमित घेतली तर रुग्ण पूर्ण आयुष्य जगतो, आणि मग प्रश्न उरतो तो हृदयाचा. विषाणू आटोक्यात असला तरी शरीरात सौम्य दाह चालू राहतो आणि रक्तवाहिन्या लवकर खराब होतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात एचआयव्ही असलेल्या, हृदयविकाराचा धोका फार नसलेल्या लोकांनाही पिटाव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी दिल्याने हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या घटना सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. चाळिशी ओलांडलेल्या रुग्णांनी आपल्या डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारावं.

डोल्युटेग्रॅव्हिर असलेल्या गोळीने काहींचं वजन वाढतं. ही गोळी आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी रिकाम्या पोटी एकत्र घेतली तर एचआयव्हीचं औषध नीट शोषलं जात नाही. जेवणासोबत दोन्ही चालतात. ॲसिडिटीच्या औषधांपैकी मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमची पातळ औषधं मात्र अंतर ठेवूनच घ्यावीत : गोळी आधी, ते औषध निदान दोन तासांनी. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर तीही सांगा, कारण तिचा डोस मर्यादित ठेवावा लागतो.

जिमचा नाद

तरुण समलिंगी मुलांमध्ये शरीराबद्दलची चिंता फार असते. ॲपवर फोटो टाकायचा असतो, पोट आत पाहिजे. आठवडाभर पाण्यावर राहणं, मग एक दिवस दाबून खाणं, प्रोटीन पावडरचे डबे, हे बघतो. प्रोटीन पावडरपेक्षा दोन अंडी, वाटीभर उसळ आणि दही यांना पैसे कमी लागतात. जिममधल्या 'भाई'कडून मिळणारी इंजेक्शनं मात्र गंभीर विषय आहे. ती बहुधा ॲनाबॉलिक स्टेरॉइडची असतात. त्यांनी बीपी वाढतं, एचडीएल एकदम घसरतं आणि हृदयाचा स्नायू जाड होतो. तिशीच्या आतल्या मुलालाही हार्ट अटॅक येऊ शकतो.

घरच्यांसाठी

एक आई माझ्याकडे स्वतःच्या गुडघ्यांसाठी येतात. त्यांचा मुलगाही माझा रुग्ण आहे आणि तो आता वेगळा राहतो. वडील त्याच्याशी बोलत नाहीत. त्या दर वेळी निघताना दारात थांबून विचारतात, "तो जेवतो का हो नीट?" रुग्णाची माहिती मी आईलाही देऊ शकत नाही. पण एवढं म्हणालो, "तुम्ही डबा पाठवलात तर तो परत येणार नाही असं मला वाटतं." आता आठवड्यातून दोनदा एका भाचीच्या हातून डबा जातो. घरात सगळं मान्य झालेलं नसतानाही हे करता येतं. डबा पाठवताना एकच विनंती : प्रेमापोटी शंकरपाळ्या आणि चिवड्याचे डबे भरू नका. उसळ, भाकरी, सुकी भाजी, दाण्याची चटणी कमी मिठाची.

मुलीच्या किंवा मुलाच्या जोडीदाराला दवाखान्यात सोबत येऊ द्या. रुग्ण काय खातो, रात्री घोरतो का, गोळ्या वेळेवर घेतो का, हे त्याच्यासोबत राहणाऱ्यालाच माहीत असतं.

तपासणी टाळू नका

तीस वर्षांवरील प्रत्येकाची बीपी आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. त्याआधीही वर्षातून एकदा बीपी मोजून घ्यावं. कमरेचा घेर भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी ८० अशी मर्यादा धरतात. पारलिंगी व्यक्तीने यातला कोणता आकडा धरायचा, असं मला विचारतात. माझं उत्तर असतं : दोन्ही बाजूला ठेवा आणि सहा महिन्यांत तुमचा स्वतःचा घेर किती वाढला ते सांगा. उदास वाटणं, झोप न लागणं, जेवणावरची वासना उडणं हे आठवड्याहून जास्त चाललं तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

डॉक्टरांनी नको ते प्रश्न विचारले तर काय, ही भीती खरी आहे आणि आमच्या व्यवसायाने ती ओढवून घेतली आहे. माझ्याच दवाखान्यात पूर्वी मदतनीस कागदावरचं जुनं नाव मोठ्याने पुकारायचा आणि एक रुग्ण उठून निघून गेली होती. त्यानंतर आम्ही नंबर पुकारायला लागलो.

छातीत दुखलं तर

छातीच्या मध्यभागी दाब, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, घाम, धाप, किंवा नुसती कधी न जाणवलेली ॲसिडिटीसारखी जळजळ दहा-पंधरा मिनिटांहून जास्त राहिली तर १०८ ला फोन करा किंवा रिक्षा करून मोठ्या रुग्णालयात जा. स्वतः गाडी चालवू नका. इस्ट्रोजेन घेणाऱ्यांनी एकाच पायाची सूज आणि दुखणं, किंवा अचानक लागलेली धाप हीदेखील तातडीचीच समजावी.

आपल्याकडे छातीत दुखलं की शेजारी सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवायला देतात. लैंगिक क्षमतेसाठी सिल्डेनाफिल मागच्या २४ तासांत किंवा टाडालाफिल ४८ तासांत घेतली असेल तर ही गोळी अजिबात घेऊ नका. बीपी एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. पार्ट्यांमध्ये हुंगायच्या 'पॉपर्स'मध्येही याच जातीचं रसायन असतं, त्यामुळे तेही या गोळ्यांसोबत घातक आहे. काय घेतलं आहे ते डॉक्टरांना सांगा. त्यांना ते औषध निवडण्यासाठी हवं असतं.

ईसीजी काढायला छाती उघडी करावी लागते, आणि केवळ याच संकोचापायी काही पारलिंगी रुग्ण तासन्‌तास घरी थांबतात. पडदा लावायला सांगा, वरून चादर मागा, सोबतच्या माणसाला आत थांबू द्या म्हणून सांगा. ईसीजीला पाच मिनिटं लागतात. आणि स्त्री की पुरुष वॉर्ड, फॉर्मवर काय लिहायचं यावरून काउंटरवर घोळ सुरू झाला, तर सोबतच्या माणसाने ठामपणे म्हणावं, "आधी ईसीजी काढा, फॉर्म मी भरतो."